जुन्या मदरबोर्डवर नवे ग्राफिक्स कार्ड : निवडीच्या प्रकल्प नोंदी

२ नोव्हेंबर २०२५

गेमिंगच्या संगणकाचे ग्राफिक्स कार्ड बदलण्याचे काम आजपासून हाती घेतले आहे. निवडीमागची कारणे पुढे तपासून पाहता यावीत, म्हणून प्रत्येक टप्प्याची नोंद येथे ठेवत आहे. संगणकात रायझन ५ ३६०० हा सहा कोअरचा प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, दोन पट्ट्यांत मिळून १६ जीबी डीडीआर४ रॅम, ५५० वॅटचा पॉवर सप्लाय आणि ६ जीबी मेमरीचे जीफोर्स जीटीएक्स १०६० हे कार्ड आहे. मॉनिटर मात्र अलीकडे घेतलेला असून तो २५६० × १४४० रिझोल्यूशनचा (म्हणजे १४४०पी) आणि १४४ हर्ट्झचा आहे.

जीटीएक्स १०६० हे कार्ड २०१६ साली १०८०पी (१९२० × १०८०) रिझोल्यूशन डोळ्यांसमोर ठेवून बाजारात आले होते. १०८०पीच्या एका फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्रात, सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात आणि १४४०पीच्या फ्रेममध्ये सुमारे ३६.९ लाख. म्हणजे मॉनिटर बदलल्यावर या कार्डावरचे काम जवळजवळ पावणेदोन पटींनी वाढले. तरीही सेटिंग कमी करून आजवर निभावत आले, आणि केवळ वेग कमी पडतो एवढ्यासाठी मी हा खर्च आणखी पुढे ढकलला असता. पण आता दोन गोष्टी अशा घडल्या आहेत की सेटिंग कमी करून त्यांवर उपाय होत नाही. एक म्हणजे, एनव्हिडियाने जीटीएक्स १०६० ज्या पिढीतले आहे त्या पास्कल पिढीच्या कार्डांसाठी नव्या गेमना अनुकूल केलेले ड्रायव्हर देणे ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले असून, ऑक्टोबर २०२८ पर्यंत तिमाही सुरक्षा अद्यतने तेवढी मिळणार आहेत. दुसरी म्हणजे, मे २०२५ मध्ये आलेल्या ‘डूम : द डार्क एजेस’सारख्या गेमना रे ट्रेसिंगचे (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून दृश्य उजळवण्याच्या तंत्राचे) हार्डवेअर अनिवार्य आहे, ते नसेल तर गेम चालतच नाही.

उद्दिष्ट असे ठरवले आहे की १४४०पीवर, चांगल्या दर्जाच्या टेक्श्चरसह (वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवलेल्या चित्रांसह), सेकंदाला ६० फ्रेमचा वेग सहसा ढळू नये आणि कार्ड पुढची चार-पाच वर्षे उपयोगी पडावे. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय तेच ठेवायचे आहेत. त्यामुळे सर्वांत वेगवान कार्ड कोणते, हा या प्रकल्पाचा प्रश्न नाही. या विशिष्ट संगणकात बसवल्यावर ज्याची क्षमता वाया जाणार नाही आणि ज्याचा श्वासही कोंडणार नाही, असे कार्ड मला शोधायचे आहे.

४ नोव्हेंबर

मोजमापाची पद्धत आज निश्चित केली. फ्रेमच्या वेळा नोंदवण्यासाठी कॅपफ्रेमएक्स, आणि तापमान, वॅट व मेमरीचा वापर पाहण्यासाठी एचडब्ल्यूइन्फो वापरणार आहे.

सरासरी फ्रेमदरावर मी कमी भर देणार आहे. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद, पण एका सेकंदात ५५ फ्रेम झटपट आल्या आणि उरलेल्या पाच फ्रेमनी प्रत्येकी पन्नास-साठ मिलिसेकंद घेतले, तरी सरासरी साठच राहते आणि खेळणाऱ्याला मात्र चित्र अडखळल्याचे स्पष्ट जाणवते. म्हणून सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा दर, ज्याला ‘वन पर्सेंट लो’ म्हणतात, तो आणि फ्रेमच्या वेळांचा आलेख या दोन्ही गोष्टी प्रत्येक चाचणीत पाहायच्या आहेत. चाचणीसाठी गेममधली तीच जागा, तोच मार्ग आणि तीच वेळ घ्यायची, तसेच कार्ड तापून स्थिर झाल्यावरच नोंद सुरू करायची, असा नियम केला आहे. थंड कार्ड पहिली काही मिनिटे जास्त घड्याळवेगावर चालते आणि तेवढ्यावर काढलेला निष्कर्ष फसवा ठरतो.

८ नोव्हेंबर

आजची चाचणी या प्रकल्पातली सर्वांत महत्त्वाची होती, आणि कार्ड बदलू पाहणाऱ्या प्रत्येकाने खरेदीआधी ती करावी असे माझे ठाम मत आहे. नवे कार्ड हातात नसतानाही, ते कितीही वेगवान असले तरी या प्रोसेसरसोबत जास्तीत जास्त किती फ्रेम देऊ शकेल, हे आजच्याच कार्डावर अजमावता येते.

यामागचे तत्त्व सोपे आहे. प्रत्येक फ्रेमसाठी प्रोसेसरला पात्रांच्या हालचाली, भौतिकी, आवाज आणि कार्डाला द्यायच्या सूचना यांची तयारी करावी लागते. ही तयारी रिझोल्यूशनवर जवळजवळ अवलंबून नसते. रिझोल्यूशनचा भार कार्डावर पडतो. त्यामुळे बाकी सेटिंग इच्छित पातळीवर ठेवून रिझोल्यूशन अगदी खाली आणले, की कार्ड वाटेतून बाजूला होते आणि जो फ्रेमदर दिसतो तो प्रोसेसरची कमाल मर्यादा दाखवतो. दोन पथ्ये मात्र पाळावी लागतात. चित्राचे रुंदी-उंचीचे प्रमाण बदलू देऊ नये, कारण ते बदलले की दृश्यात येणाऱ्या वस्तूंची संख्या बदलते. आणि कार्डाचा वापर नव्वद टक्क्यांच्या बराच खाली आल्याची खात्री करून घ्यावी, नाहीतर आपण अजूनही कार्डाचीच मर्यादा मोजत असतो.

‘सायबरपंक २०७७’मध्ये १४४०पीवर, बेताच्या सेटिंगवरही, कार्डाचा वापर सतत कमाल पातळीला चिकटलेला होता आणि वेग साठच्या जवळही पोहोचत नव्हता. रिझोल्यूशन खाली आणत गेल्यावर मोकळ्या रस्त्यावर वेग चांगला वाढला. गर्दीच्या बाजारात मात्र तो साठच्या वर गेला, पण शंभराच्या बराच खाली अडला. त्यानंतर रिझोल्यूशन आणखी कमी करूनही काही फरक पडला नाही. गर्दीचा बाजार ही या प्रोसेसरची खरी परीक्षा आहे. ‘काउंटर-स्ट्राइक २’मध्ये प्रोसेसरची मर्यादा यापेक्षा बरीच वर आहे आणि तेथे या बाबतीत चिंता नाही.

एक गोष्ट या चाचणीतून कळू शकत नाही. रे ट्रेसिंग सुरू केल्यावर दृश्यातील वस्तूंची जी श्रेणीबद्ध रचना दर फ्रेमला अद्ययावत ठेवावी लागते, तिचा काही भार प्रोसेसरवरही पडतो. जीटीएक्स १०६० वर रे ट्रेसिंग धड चालत नसल्याने हा भार आज मोजता आला नाही. पण नव्या कार्डावर रे ट्रेसिंग लावल्यास प्रोसेसरची मर्यादा आजच्यापेक्षा थोडी खालीच असेल, हे धरून चालले पाहिजे.

यातून निवडीची वरची सीमा मिळाली. १४४०पीवर सव्वाशे-दीडशे फ्रेम देणारे कार्ड घेतले, तर गर्दीच्या दृश्यांत त्याचा मोठा भाग प्रोसेसरची वाट पाहत बसेल. जीफोर्स आरटीएक्स ५०७० आणि रेडिऑन आरएक्स ९०७० यांच्या वरचा सगळा वर्ग आजच यादीतून काढला, आणि ही दोन कार्डेसुद्धा काठावरची म्हणून ठेवली.

९ नोव्हेंबर

कॅबिनेट उघडून मोजमाप घेतले. कार्डाची लांबी मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंत मोजायची असते. कॅबिनेटच्या माहितीपत्रकातला आकडा बहुधा पुढचा पंखा नसतानाचा असतो, आणि पंख्याची जाडी सहसा २५ मिलिमीटर असते. जाडीच्या बाबतीत एका स्लॉटचे अंतर २०.३२ मिलिमीटर धरतात, म्हणून अडीच स्लॉटचे कार्ड सुमारे ५० मिलिमीटर जागा व्यापते. माझ्या मदरबोर्डवर डिस्क जोडण्याचे साटा प्रकारचे दोन पोर्ट नेमके कार्डाच्या पुढच्या टोकाखाली येतात. तीन पंख्यांचे लांब कार्ड बसेल, पण त्या पोर्टांना आडवे येईल. दोन पंख्यांचे कार्ड पुरेसे आहे.

पॉवर सप्लायवर ६+२ पिनांच्या दोन जोडण्या आहेत, परंतु त्या एकाच केबलवर पुढे-मागे लावलेल्या आहेत. कार्ड ज्यात बसते त्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून ७५ वॅट आणि ८ पिनांच्या एका जोडणीतून १५० वॅट घेण्याची मुभा मानकात आहे. प्रोसेसर ६५ वॅटच्या वर्गातला असून पूर्ण भारावर तो ८८ वॅटपर्यंत जातो. त्यात १६० ते १८० वॅटचे कार्ड आणि उरलेल्या भागांचे साठ-सत्तर वॅट मिळवले, तरी बेरीज साडेतीनशेच्या आत राहते. वॅटची बेरीज जमते म्हणून तेवढ्यावर थांबू नये, कारण आधुनिक कार्डे मिलिसेकंदाच्या अंशापुरती आपल्या घोषित वॅटच्या बरीच वर उसळी घेतात. अशा उसळ्या सोसण्याची अट पॉवर सप्लायसाठीच्या २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात प्रथम स्पष्टपणे घालण्यात आली. माझा पॉवर सप्लाय त्याआधीचा आहे. म्हणून ८ पिनांच्या एकाच जोडणीवर चालणारे, दोनशे वॅटच्या आतले कार्ड घ्यायचे, ही अट आज पक्की केली.

या अटीने ५०७० (२५० वॅट) आणि ९०७० (२२० वॅट) ही दोन्ही कार्डे बाद झाली. प्रोसेसरच्या चाचणीनेही हाच कौल दिला होता, त्यामुळे निर्णय घेताना मनात किंतु राहिला नाही.

१३ नोव्हेंबर

आता यादीत आरटीएक्स ५०६०, आरटीएक्स ५०६० टीआय, आरएक्स ९०६० एक्सटी आणि इंटेलचे आर्क बी५८० ही चार नावे उरली आहेत. त्यांपैकी ५०६० टीआय आणि ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डे ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन मेमरींत येतात. एकाच नावाखाली निम्म्या मेमरीचे कार्ड विकण्याच्या या पद्धतीमुळे खरेदीदाराची दिशाभूल होते, आणि ते मला मुळीच पटत नाही. गणनाक्षमता सारखी असल्यामुळे हलक्या गेममध्ये दोन्हींचे आकडे जुळतात, आणि दोन-तीन वर्षांनी जड गेम आले की फरक समोर येतो.

८ जीबीची सर्व कार्डे आज यादीतून काढली. टेक्श्चरचा दर्जा वाढवल्याने कार्डाची गणना फारशी वाढत नाही. त्याची किंमत जवळजवळ पूर्णपणे मेमरीत मोजावी लागते. त्यामुळे मेमरी मुबलक असेल तर चित्राचा दर्जा सुधारण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग टेक्श्चर हाच असतो, आणि मेमरी तोकडी असेल तर नेमके हेच सेटिंग सर्वांत आधी खाली आणावे लागते. शिवाय रे ट्रेसिंगची रचना आणि फ्रेम जनरेशन (खऱ्या फ्रेमच्या मधे कृत्रिम फ्रेम घालण्याची सोय) या दोन्हींना स्वतःची मेमरी लागते. म्हणजे ज्या सुविधांसाठी नवे कार्ड घ्यायचे, त्याच सुविधा ८ जीबीची मेमरी भरून टाकतात.

येथे आकडे वाचताना एक काळजी घ्यावी लागते. निरीक्षणाच्या साधनांत दिसणारा मेमरीचा आकडा गेमने राखून ठेवलेल्या मेमरीचा असतो, आणि राखलेली सगळी मेमरी त्याला खरोखर लागत असतेच असे नाही. १६ जीबीच्या कार्डावर एखादा गेम १० जीबी दाखवतो, म्हणून ८ जीबीवर तो कोसळेलच असे म्हणता येत नाही. खरी कसोटी फ्रेमच्या वेळांत दिसते. सरासरी ठीक असूनही सर्वांत संथ एक टक्क्याचा दर एकाएकी कोसळू लागला, किंवा टेक्श्चर अंधुक दिसून उशिरा स्पष्ट होऊ लागले, की मेमरी संपली असे समजावे. काही गेम तर न अडखळता गुपचूप टेक्श्चरचा दर्जा उतरवतात. तेथे आलेख सरळ दिसतो आणि चित्र मात्र बिघडलेले असते.

१६ नोव्हेंबर

आजची नोंद लेनविषयी, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यात माहिती वाहून नेणाऱ्या समांतर वाटांविषयी आहे. बहुतेक तुलना नव्या मदरबोर्डवर केलेल्या असल्याने हा मुद्दा त्यांत उतरत नाही, पण माझ्यासारख्या जुन्या बोर्डाच्या मालकासाठी तो निर्णायक आहे.

बी४५० मदरबोर्डवर ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस ३.० पिढीचा आहे. या पिढीत १६ लेनमधून एका दिशेने सेकंदाला सुमारे १५.७५ जीबी माहिती जाऊ शकते, ४.० पिढीत याच्या दुप्पट आणि ५.० पिढीत चौपट. आरटीएक्स ५०६० आणि ५०६० टीआय ही कार्डे ५.० पिढीची असली तरी त्यांना आठच लेन दिलेल्या आहेत. नव्या बोर्डावर पिढीचा वेग लेनची उणीव भरून काढतो. माझ्या बोर्डावर मात्र पिढी ३.० ची आणि लेन आठच, म्हणजे सेकंदाला जेमतेम ७.९ जीबी. आर्क बी५८० लाही आठच लेन आहेत. आरएक्स ९०६० एक्सटीला पूर्ण १६ लेन आहेत.

हे आकडे एका फ्रेमच्या वेळेत मांडले की त्यांचा अर्थ उलगडतो. साठ फ्रेमच्या वेगाने १६.७ मिलिसेकंदांत आठ लेनमधून साधारण १३० एमबी, आणि सोळा लेनमधून साधारण २६० एमबी माहिती कार्डात येऊ शकते. तेवढ्याच वेळात ९०६० एक्सटीची स्वतःची मेमरी, जिचा वेग सेकंदाला सुमारे ३२० जीबी आहे, पाच जीबीहून अधिक माहिती देऊ शकते. म्हणून गेमला लागणारी माहिती कार्डाच्या मेमरीत मावत असेल, तर स्लॉटचा वेग क्वचितच आड येतो. ती मावली नाही, की उरलेली माहिती संगणकाच्या रॅममध्ये ठेवून दर वेळी स्लॉटमधून मागवावी लागते, आणि मग आठ लेन व सोळा लेन यांतला फरक खेळणाऱ्याला थेट जाणवतो. घरात धान्य भरलेले असेल तोवर गावाकडची वाट अरुंद असल्याचे कळत नाही, तसेच हे आहे.

८ जीबी मेमरी, आठ लेन आणि ३.० पिढीचा स्लॉट हे त्रिकूट टाळायलाच हवे, असा माझा निष्कर्ष आहे. यांपैकी कोणतीही एक उणीव एकटी असेल तर ती सोसवते. तिन्ही एकत्र आल्या की एकीचा तोटा दुसरीमुळे वाढतो. नव्या संगणकावर ८ जीबीचे आरटीएक्स ५०६० पाहून जो समाधानी आहे, त्याचा अनुभव खोटा नाही. पण तो अनुभव जुन्या बोर्डाला लागू होत नाही.

न्याय्य तुलना करायची तर हेही नोंदवले पाहिजे की १६ जीबीचे ५०६० टीआय या बोर्डावर बाद ठरत नाही. मेमरी पुरेशी असल्याने आठ लेनमुळे होणारे नुकसान बहुतेक गेममध्ये थोडेच राहील. खुल्या जगाच्या गेममध्ये, जेथे वेगाने प्रवास करताना नवा प्रदेश सतत मेमरीत भरावा लागतो, तेथे ते अधिक जाणवू शकते. त्यामुळे हे कार्ड यादीत कायम ठेवतो.

१८ नोव्हेंबर

आर्क बी५८० चा विचार आज पूर्ण केला. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या या कार्डात १२ जीबी मेमरी, १९२ बिटची वाहिनी आणि सेकंदाला ४५६ जीबीचा वेग आहे. या वर्गात एवढी मेमरी देण्याचे धाडस इंटेलने केले याबद्दल मला आदर आहे. तरीही ते मी निवडू शकत नाही. या कार्डाला रिसायझेबल बार ही, प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकसंध पाहू देणारी सुविधा चालू असणे जवळजवळ अत्यावश्यक आहे, आणि त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवर टाकत असलेला भार जास्त आहे. रायझन ५ ३६०० सारख्या जुन्या प्रोसेसरवर हे कार्ड काही गेममध्ये बरेच मागे पडते, हे जानेवारी २०२५ मध्ये झालेल्या स्वतंत्र चाचण्यांतून समोर आले होते. माझ्या प्रोसेसरची मर्यादा आधीच जवळ असताना ती आणखी खाली ओढणारा ड्रायव्हर परवडणार नाही.

२२ नोव्हेंबर

उरलेल्या दोन कार्डांत, म्हणजे १६ जीबीचे ५०६० टीआय आणि १६ जीबीचे ९०६० एक्सटी यांत, निवड करण्यासाठी गेले काही दिवस रे ट्रेसिंग आणि अपस्केलिंग यांचा अभ्यास केला.

अपस्केलिंगमध्ये गेम कमी रिझोल्यूशनवर चित्र तयार करतो आणि मागच्या फ्रेममधली माहिती व प्रशिक्षित न्यूरल जाळे यांच्या साहाय्याने ते मोठे केले जाते. १४४०पीवर ‘क्वालिटी’ हा पर्याय निवडल्यास मूळ चित्र ९६० ओळींचे असते. एनव्हिडियाच्या डीएलएसएस या अपस्केलिंग सुविधेची २०२५ मधली ट्रान्सफॉर्मर प्रणाली या कामात उत्तम आहे आणि ती वापरणाऱ्या गेमची संख्याही मोठी आहे. एएमडीची अशीच सुविधा असलेल्या एफएसआरच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये गवत, तारा, जाळ्या आणि धूर यांच्या कडा लुकलुकत असत; त्यात न्यूरल जाळे नव्हते. २०२५ मध्ये ९००० मालिकेसोबत आलेल्या एफएसआर ४ ने ती उणीव बऱ्याच अंशी भरून काढली आहे. गेमच्या संख्येत मात्र ते अजून मागे आहे, आणि हा तोटा खरा आहे.

रे ट्रेसिंगमध्येही ५०६० टीआयचे पारडे जड आहे, विशेषतः सगळा प्रकाश किरणांनीच मोजणाऱ्या पाथ ट्रेसिंगमध्ये. पण या वर्गातली कार्डे १४४०पीवर पाथ ट्रेसिंग सुखाने चालवू शकत नाहीत. अपस्केलिंग आणि फ्रेम जनरेशन दोन्ही लावल्यावरच ते पाहण्याजोगे होते. फ्रेम जनरेशनविषयी माझे मत असे की दोन खऱ्या फ्रेमच्या मधे काढलेली फ्रेम चित्र मऊ करते, पण माउस हलवल्यापासून त्याचा परिणाम दिसेपर्यंतचा वेळ कमी करत नाही, उलट किंचित वाढवते. मूळ वेग साठच्या आसपास असेल तर ही सुविधा छान वाटते. तिसातून साठ करण्यासाठी ती वापरली तर हालचाल जड लागते. त्यामुळे एका फ्रेमच्या चार करून दाखवणाऱ्या आकड्यांना मी तुलनेत स्थान दिलेले नाही.

आता या संगणकाच्या बाजूने पाहता, ९०६० एक्सटीला सोळा लेन आहेत; त्याचा घोषित वीजवापर १६० वॅट आहे, तर ५०६० टीआयचा १८० वॅट; आणि डायरेक्टएक्स १२ वर चालणाऱ्या गेममध्ये एनव्हिडियाचा ड्रायव्हर जुन्या प्रोसेसरवर काहीसा जास्त भार टाकतो, हे २०२१ पासूनच्या चाचण्यांत दिसत आले आहे. रे ट्रेसिंगशिवाय दोन्हींचा वेग एकमेकांच्या जवळ आहे. एनव्हिडियाच्या कार्डाची मेमरी जीडीडीआर७ प्रकारची आणि सेकंदाला ४४८ जीबी इतकी वेगवान असली, तरी ९०६० एक्सटी आपल्या ३२ एमबीच्या कॅशेच्या (चिपवरच्याच जलद साठवणीच्या) बळावर ते अंतर पुष्कळसे भरून काढते.

२३ नोव्हेंबर

वापरलेल्या कार्डांचाही विचार करावा, असे मित्राने सुचवले. १६ जीबीचे रेडिऑन आरएक्स ६८०० आजही दमदार आहे, पण त्याला २५० वॅट लागतात आणि एफएसआर ४ अधिकृतपणे त्याच्यावर चालत नाही. १० जीबीचे आरटीएक्स ३०८० तर ३२० वॅटचे आहे. पॉवर सप्लायची अट मोडायची नसल्याने हा मार्ग बंद केला.

२७ नोव्हेंबर

निर्णय घेतला : १६ जीबीचे रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटी.

हा निर्णय या संगणकापुरता आहे, हे स्पष्टपणे लिहून ठेवतो. मदरबोर्ड ४.० किंवा ५.० पिढीचा असता आणि प्रोसेसर नवा असता, तर लेन आणि ड्रायव्हरचा भार हे दोन्ही मुद्दे गळून पडले असते आणि डीएलएसएसच्या व्यापक पाठबळामुळे मी ५०६० टीआयकडे झुकलो असतो. ब्लेंडरसारख्या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरवरचे किंवा कुडावर (एनव्हिडियाच्या कार्डांवर गणना करण्याच्या प्रणालीवर) अवलंबून असलेले काम नियमित करायचे असते, तरीही उत्तर तेच आले असते.

एकाच चिपची निरनिराळ्या उत्पादकांची कार्डे पाहताना कारखान्यातच वाढवून दिलेल्या घड्याळवेगाकडे मी दुर्लक्ष केले, कारण त्याने पडणारा फरक दोन-चार टक्क्यांच्या पलीकडे जात नाही. दोन पंखे, पूर्ण लांबीचे हीटसिंक, हलक्या भारावर पंखे थांबवण्याची सोय, ८ पिनांची एकच जोडणी आणि मागच्या बाजूला धातूची पट्टी एवढेच पाहिले. खोक्यावर ‘१६ जीबी’ हे स्पष्ट छापलेले आहे का, हे मागणी नोंदवण्यापूर्वी पुन्हा तपासले.

३० नोव्हेंबर

कार्ड येण्यापूर्वीची तयारी पूर्ण केली. मदरबोर्डचे बायॉस (संगणक सुरू करणारी मूळ प्रणाली) अद्ययावत केले, कारण रिसायझेबल बारचा पर्याय नव्या आवृत्तीतच आहे. या सुविधेमुळे प्रोसेसरला कार्डाची मेमरी २५६ एमबीच्या खिडकीतून न पाहता एकसंध पाहता येते, आणि ९०६० एक्सटीला तिचा चांगला लाभ होतो. त्यासाठी बायॉसमध्ये ‘अबव्ह ४जी डीकोडिंग’ चालू आणि जुन्या पद्धतीने संगणक सुरू करणारे सीएसएम बंद असावे लागते. सीएसएम बंद केल्यावर एमबीआर या जुन्या पद्धतीने विभागलेल्या डिस्कवरून विंडोज सुरू होत नाही. म्हणून आधी डिस्कची पद्धत तपासली; ती एमबीआर निघाल्यामुळे सर्व महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढून घेतली आणि विंडोजमधल्याच ‘एमबीआर२जीपीटी’ या साधनाने तिचे जीपीटी या नव्या पद्धतीत रूपांतर केले. हा क्रम उलटा झाला तर संगणक सुरूच होत नाही आणि दोष नव्या कार्डाचा वाटतो, म्हणून जुने कार्ड बसवलेले असतानाच हे सारे उरकून घेणे श्रेयस्कर आहे.

६ डिसेंबर

कार्ड बसवले. त्याआधी इंटरनेट तोडून, सेफ मोडमध्ये डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर चालवून एनव्हिडियाचा ड्रायव्हर पूर्ण काढला होता. ८ पिनांची जोडणी करताना केबलचे टोक ‘खट्’ असा आवाज होईपर्यंत दाबले आणि मागचे दोन्ही स्क्रू लावून कार्ड खाली झुकत नाही ना, हे पाहिले.

जीपीयू-झेड उघडल्यावर जोडणी पीसीआय एक्सप्रेस ३.० वर १६ लेनची आणि रिसायझेबल बार चालू असल्याचे दिसले. ही तपासणी करताना कार्डावर भार असला पाहिजे. कार्ड मोकळे असताना वीज वाचवण्यासाठी जोडणी आपला वेग १.१ पर्यंत उतरवते, आणि तो आकडा पाहून स्लॉट बिघडल्याचा समज होऊ शकतो. जीपीयू-झेडमध्येच भार देण्याची छोटी चाचणी आहे. ती सुरू करताच आकडा ३.० वर गेला.

‘सायबरपंक २०७७’मधले तेच ठिकाण, तोच मार्ग. टेक्श्चर सर्वोच्च पातळीवर आणि रे ट्रेसिंग बंद ठेवून १४४०पीवर मोकळ्या रस्त्यांवर वेग साठच्या बराच वर राहिला. गर्दीच्या बाजारात कार्डाचा वापर उतरला आणि फ्रेमदर ८ नोव्हेंबरला मोजलेल्या प्रोसेसरच्या मर्यादेजवळ येऊन थांबला. त्या दिवशी कमी रिझोल्यूशनवर काढलेला अंदाज नव्या कार्डावर असा खरा उतरल्याने मला फार समाधान वाटले. मेमरीचा वापर ८ जीबीच्या वर जातो, पण फ्रेमच्या वेळांच्या आलेखात मेमरी संपल्याच्या खुणा कोठेही नाहीत.

९ डिसेंबर

आजचा दिवस जुळवाजुळवीत गेला. मॉनिटरचा दर फ्रेमच्या दराप्रमाणे बदलत असल्याने गेमची कमाल मर्यादा १४४ ऐवजी १४१ ठेवली. तीच १४४ ठेवली तर वेग सीमेला टेकताच प्रतीक्षा वाढते. कार्डाचे व्होल्टेज थोडे उतरवून पाहिले आणि प्रत्येक पायरीनंतर रे ट्रेसिंग असलेला गेम बराच वेळ चालवला, कारण व्होल्टेज कमी पडल्याचे दोष रे ट्रेसिंगमध्ये सर्वांत लवकर उघड होतात. स्थिर राहिलेल्या सेटिंगवर वेग न घटता वीजवापर आणि पंख्यांचा आवाज दोन्ही खाली आले.

गर्दीच्या दृश्यांसाठी गेममधली गर्दीची घनता एक पायरी कमी केली. हे सेटिंग कार्डावर नव्हे, प्रोसेसरवर भार टाकते, आणि त्यामुळे बाजारातला संथ एक टक्क्याचा दर लक्षात येण्याइतका सुधारला. आता प्रतिबिंबांपुरते रे ट्रेसिंग आणि ‘क्वालिटी’ अपस्केलिंग लावूनही साठचा वेग टिकतो.

पुढचे काम प्रोसेसरचे आहे. बी४५० बोर्डावर ९६ एमबी एल३ कॅशेचा रायझन ७ ५७००एक्स३डी बसू शकतो. माझ्या ३६०० मध्ये ३२ एमबी कॅशे असून तीही सोळा-सोळाच्या दोन भागांत विभागलेली आहे. बोर्डाच्या अधिकृत यादीत तो प्रोसेसर आहे आणि ३० नोव्हेंबरला घातलेली बायॉसची आवृत्ती त्याला पुरेशी आहे. सध्याचा कूलर १०५ वॅटच्या वर्गातल्या प्रोसेसरला पुरेल का, हे आधी तपासायचे आहे. त्या कामाच्या नोंदी स्वतंत्र ठेवीन.